मी शे ना!

बँकेच्या नोकरीत माणसाला दोन भाषा येऊ लागतात. एक कर्ज मागायला येणाऱ्याची आणि दुसरी कर्ज फेडायला न येणाऱ्याची. तेहतीस वर्षे मी या दोन्ही भाषा ऐकल्या. तिसरी भाषा मला एरंडोलला ऐकायला मिळाली, आणि तीही तीनच शब्दांची. नोकरी संपून आता सात वर्षे झाली, कादंबऱ्याही लिहून झाल्या. पण ते तीन शब्द कोणत्याही कादंबरीत घालण्याचे धाडस मला झाले नाही. आज ती हकिगत सांगावी असे वाटते.

एरंडोलच्या शाखेत माझी बदली झाली ती १९८८ सालच्या जून महिन्यात. जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे, अंजनी नदीकाठचे हे तालुक्याचे गाव. पद्मालयाच्या गणपतीला जाणारी माणसे इथे एसटी बदलतात. कापूस, केळी, ज्वारी यांच्यावर गावाचा हिशेब चालतो आणि पाऊस लांबला की बँकेचाही हिशेब लांबतो. मी तिशीतला, नुकताच लग्न झालेला, घरी पंढरीची वारी असलेला माणूस. ख्रिस्ती समाजाशी माझा संबंध शाळेतल्या एका मास्तरांपुरता आणि नाताळच्या केकपुरता.

सात घरांची मंडळी

त्या वेळी माझ्या ओळखीत एरंडोलमधली ख्रिस्ती घरे अवघी सात होती. एक प्राथमिक शिक्षक, एक एसटीतला कंडक्टर, दोन घरे शेतमजुरांची, एक पिठाच्या गिरणीवाला तरुण, एक पंचायत समितीतला शिपाई आणि एक निवृत्त परिचारिका. या बाईंना सारे गाव ‘सिस्टरबाई’ म्हणे. स्वतंत्र चर्चची इमारत नव्हती. सिस्टरबाईंच्या पुढच्या खोलीत दर रविवारी सकाळी सतरंजी पडे, पेटी आणि टाळ निघत आणि भक्ती होई. महिन्यातून दोनदा पाळक एसटीने जळगावहून येत. उरलेले रविवार ही माणसे आपापसांतच वाचन आणि प्रार्थना करीत.

ख्रिस्ती लोक आपल्या उपासनेच्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतात. आपणही ‘घरची मंडळी’ म्हणतो. मला हा शब्द फार आवडला. संस्था म्हटले की कार्यालय आठवते, मंडळी म्हटले की जेवणाची पंगत आठवते.

खानदेशात ही मंडळी आली कशी, याचा इतिहास शंभराहून अधिक वर्षांचा आहे. भुसावळला रेल्वेमुळे वसाहत झाली, जळगाव-भुसावळकडे अलायन्स मिशनचे काम उभे राहिले, पश्चिमेला धुळे-नंदुरबार-नवापूरकडे स्कँडिनेव्हियातून आणि अमेरिकेतून आलेल्या मिशनांनी आदिवासी भागात शाळा आणि दवाखाने काढले. नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याचा ख्रिस्ती दवाखाना १९४२ सालचा. सिस्टरबाई मूळच्या नगरकडच्या; पण तरुणपणी त्या याच दवाखान्यात काही वर्षे होत्या, पुढे सरकारी नोकरीत लागल्या आणि फिरत फिरत एरंडोलला येऊन थांबल्या. बोलणे नगरी, पण माणूस अडचणीत दिसला की त्यांच्या तोंडून अहिराणी निघे.

१९८९च्या पावसाळ्यात तो गिरणीवाला तरुण हमरस्त्यावर ट्रकखाली सापडला. सायकलवरून ज्वारीचे पोते घेऊन येत होता. वय असेल सत्तावीस. मागे बायको आणि चार वर्षांचा मुलगा. बायको नवापूरकडची, गावात माहेरचे कोणी नाही.

मी दफनाला गेलो तो थोडा कर्तव्य म्हणून आणि थोडा, खरे सांगायचे तर, आमच्या शाखेचे नऊ हजारांचे कर्ज त्या गिरणीवर होते म्हणून. संध्याकाळी सिस्टरबाईंच्या खोलीत सगळे जमले. शेजारच्या घरातून कळण्याची भाकरी आणि भरीत आले होते. मग पेटी निघाली आणि भजन सुरू झाले. चाल ऐकून मी चमकलो. ती माझ्या घरातली होती! कोणी सांगितले, हे भजन रेव्हरंड टिळकांचे. शब्द येशूचे, पण वळण अगदी तुकोबांचे. त्या दिवशी टाळ माझ्याही हातात आला आणि कोणालाही त्याचे नवल वाटले नाही.

नंतर भेटीला आलेल्यांची बोलणी सुरू झाली. कोणी म्हणाले, देवाची इच्छा. कोणी म्हणाले, तो चांगल्या जागी गेला. कोणी म्हणाले, मुलाकडे बघून धीर धर. ती भिंतीला टेकून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर यांतले एकही वाक्य पोहोचत नव्हते. अखेर तिने एवढेच विचारले, “गिरणी राहील का?”

खोलीत शांतता पसरली. त्या खोलीत या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारा एकच माणूस होता, आणि तो मी होतो. मी खाली पाहिले.

तेव्हा सिस्टरबाई तिच्याजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, “मी शे ना!”

म्हणजे, मी आहे ना.

मला वाटले, हेही एक वाक्यच. आठ दिवसांनी कळले की ते वाक्य नव्हते. कर्ज तिच्या नावावर करून घ्यायचे तर नवा जामीनदार हवा होता. पूर्वीचा जामीनदार, नवऱ्याचा चुलतभाऊ, नव्या कागदावर सही करायला तयार नव्हता. जामीनदार नाही तर गिरणी ताब्यात घ्यायची, असा वरिष्ठ कार्यालयाचा कागद माझ्या टेबलावर येऊन पडला होता. सिस्टरबाई आपले पेन्शनचे पुस्तक घेऊन शाखेत आल्या. महिना नऊशेच्या आसपास पेन्शन. त्यांनी हमीपत्र चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. इतके नीट वाचणारा जामीनदार मी तोवर पाहिला नव्हता. मग सही केली.

बर्णबाची जामीनकी

‘धीर’ हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. धीर देणे म्हणजे काहीतरी बोलणे, अशी आपली समजूत. बायबलमध्ये ईयोबाची गोष्ट आहे. त्याची मुलेबाळे, गुरेढोरे, सगळे गेले, अंगभर फोड आले. तीन मित्र भेटीला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. कोणी एक शब्द बोलले नाही. तोवर सारे ठीक होते. आठव्या दिवसापासून ते बोलू लागले, तुझेच काही चुकले असेल म्हणून समजावू लागले, आणि केलेल्या पुण्यावर पाणी पाडून बसले. गोष्टीच्या शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. पाळकांच्या तोंडून ही गोष्ट मी प्रथम ऐकली तेव्हा मला आपल्याकडच्या भेटीला येणाऱ्यांची आठवण झाली.

त्याच पाळकांनी एका रविवारी बर्णबाची गोष्ट सांगितली. मी त्या दिवशी सहज जाऊन बसलो होतो. पहिल्या शतकातला हा कुप्र बेटावरचा माणूस. खरे नाव योसेफ. पण लोकांना धीर देतो म्हणून प्रेषितांनी त्याला बर्णबा हे नाव दिले. त्याने पहिली गोष्ट केली ती आपले शेत विकून पैसे मंडळीपुढे ठेवण्याची. पुढे शौल, म्हणजे नंतरचा संत पौल, यरुशलेमला आला. कालपर्यंत हा ख्रिस्ती लोकांना पकडून तुरुंगात घालणारा. आज म्हणतो, मी तुमचा झालो. कोण विश्वास ठेवणार? सगळे भ्याले. बर्णबा एकटा त्याला हाताला धरून प्रेषितांकडे घेऊन गेला. पुढे तरुण मार्क प्रवासात अर्ध्यातून परतला म्हणून पौलाने त्याला पुन्हा बरोबर घ्यायला नकार दिला, तेव्हा या मार्कसाठी बर्णबा पौलाशीही भांडला आणि मार्कला घेऊन कुप्रला निघून गेला.

माझ्यातला बँकवाला जागा झाला. हा माणूस तर जामीनदार! ज्याला जगाच्या खात्यात पत उरली नाही, त्याच्यासाठी आपली पत गहाण ठेवणारा. मंडळीतली माणसे एकमेकांना धीर देतात म्हणजे काय करतात, याचे याहून नेमके उत्तर मला पुढे कुठे मिळाले नाही. जामीनदार होण्यात धोका असतो. कर्ज बुडाले तर आपले पैसे जातात. ज्या धीरात देणाऱ्याचे काहीच जात नाही, त्याला आपण सांत्वनपर भाषण म्हणू या. पत्रिका छापता येईल, इतके ते सोपे असते.

धरणगावचा मुलगा

एरंडोलला असताना या विषयातली आणखी एक गोष्ट मला भेटली, तीही हाकेच्या अंतरावर. शेजारचे धरणगाव तेव्हा एरंडोल तालुक्यातच होते. १३ ऑगस्ट १८९० रोजी तिथे एका पोलीस नोकरदाराच्या घरी त्र्यंबक बापूजी ठोंबरे जन्मला. १९०७ साली जळगावला पहिले कविसंमेलन भरले. त्यात या सोळा-सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हटल्या आणि अध्यक्ष कर्नल कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. इथवरची हकिगत शाळेच्या पुस्तकातली. पुढची तितकी सांगितली जात नाही.

संमेलनात टाळ्या मिळाल्या. घरात दारिद्र्य तसेच होते आणि मनात उदासी होती. तिथे त्याला रेव्हरंड नारायण वामन टिळक भेटले. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्यापायी नातेवाईक तुटले होते, पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षे दूर राहिल्या होत्या. आपल्या माणसांनी दार लावून घेतले की काय होते, हे या नवरा-बायकोंना पुरते ठाऊक होते. त्यांनी ठोंबऱ्याला अहमदनगरला आपल्या घरी नेले आणि ठेवून घेतले. मिशनच्या शाळेत तो शिकवू लागला. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचले आहे, त्यांना लक्ष्मीबाईंनी रंगवलेला तो वेडा, लाडका, हट्टी ठोंबरे आठवत असेल. पोटच्या मुलासारखे त्याचे रुसवे काढले गेले, भांडणे झाली, हसणे झाले. विशेष हे की, तो अखेरपर्यंत हिंदूच राहिला. जेवू घातल्याची किंमत म्हणून त्या घराने त्याच्याकडून धर्म मागितला नाही.

टिळकांचे घर स्वतः सुखात होते असे समजू नका. मिशनचा बेताचा पगार, टिळकांचा हात सदा सैल, दाराशी कोणीतरी निराश्रित उभाच. नगरला प्लेग शिरला तेव्हा आजारी मुलींची शुश्रूषा करायला लक्ष्मीबाई स्वतः गेल्या. पाठीमागे मोठी संस्था आहे म्हणून त्या गेल्या नाहीत. मुलींजवळ कोणीतरी असायला हवे म्हणून गेल्या.

ठोंबऱ्यासाठी राहिलेली ही जामीनकी फळली का? व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर बुडाली. ५ मे १९१८ रोजी जळगाव-भुसावळच्या मधल्या भादली स्टेशनात रूळ ओलांडताना बालकवी गाडीखाली सापडले. वय सत्तावीस. बरोबर एक वर्ष चार दिवसांनी, ९ मे १९१९ला, टिळकही गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अर्धवट राहिले होते. जेमतेम लिहावाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहून काढले. नवऱ्याचे काम अर्ध्यावर पडले, तेव्हा बायकोने जणू तेही कर्ज आपल्या नावावर करून घेतले.

भादली स्टेशनातून मी भुसावळच्या कामासाठी कितीदा तरी गेलो. गिरणीवाला तरुणही सत्तावीसचाच होता, हे दर वेळी मनात यायचे.

नोटीस

आता माझ्याविषयी सांगितले पाहिजे. त्यातच या हकिगतीचा सल आहे.

त्या बाईने सहा महिने गिरणी नेटाने चालवली. पहाटे उठून दळण, दुपारी मजुरी, रात्री वीज असेल तर पुन्हा दळण. दोनशे दहा रुपयांचा हप्ता दर महिन्याला येत होता. १९९०च्या उन्हाळ्यात मोटार जळाली. ती भरून आणायला पैसे नव्हते. एक हप्ता चुकला, दोन चुकले, चार चुकले. वसुलीच्या बैठकीत माझ्या शाखेचे आकडे वाचले गेले आणि चारचौघांत मला उभे करण्यात आले. परत येऊन मी त्याच दुपारी सगळ्या थकबाकीदारांच्या जामीनदारांना नोटिसा काढल्या. छापील मजकूर, रिकाम्या जागी नाव आणि रक्कम, खाली माझी सही. सिस्टरबाईंची नोटीस वेगळी काढता आली असती. निदान चालत जाऊन बोलता आले असते. त्यांचे घर शाखेपासून पाच मिनिटांवर होते. मी गेलो नाही. तिचा हातभार, तिची मोटार, तिचे मूल, सगळे मला माहीत होते. मला तेव्हा माझ्या आकड्यांची काळजी होती.

पेन्शनच्या दिवशी त्या आल्या. माझ्यापुढे बसल्या. मी रागाची वाट पाहत होतो. त्यांनी पर्समधून पाच हप्त्यांचे एक हजार पन्नास रुपये काढून टेबलावर ठेवले. चार मागचे, एक पुढचा. म्हणजे सगळी पेन्शन आणि वर काही. नोटीस त्यांच्या हातात घडी करून होती.

“साहेब, कागद तुमच्या नियमाचा आहे. मला पाठवलात, ठीक झालं. मी सही केली होती,” त्या म्हणाल्या. “तिला मात्र असा पाठवू नका. तिला वाचता येतं.”

जाताना म्हणाल्या, “पैसे कोणी भरले ते तिला कळायला नको.”

त्या महिन्यात सिस्टरबाईंच्या घरी काय शिजले, ते मी विचारले नाही. पुढच्या रविवारी कंडक्टरने एसटी डेपोतल्या ओळखीच्या मेकॅनिकला आणले, शिक्षकाने तांब्याची तार आणली आणि मोटार उभी राहिली, एवढे कानावर आले. सात घरांत वर्गणीची पावती फाडली गेली नाही, ठराव झाला नाही. कोणाला काय जमते ते ज्याने त्याने केले.

महिनाभराने ती तीन हप्त्यांचे पैसे पदराला बांधून शाखेत आली. काउंटरवरच्या कारकुनाने सांगितले, मागची बाकी भरलेली आहे. ती माझ्या काचेच्या दाराकडे पाहत उभी राहिली. बँकेत लागताना आम्ही गोपनीयतेची शपथ घेतो. तिच्यामागे लपायला मला त्या दिवशी फार सोयीचे झाले. तिने काही विचारले नाही. एक हप्ता भरला आणि गेली.

पुढे चालवलेला वसा

मार्च १९९२मध्ये तिचे कर्ज फिटले. बेबाकीचा दाखला मी स्वतः लिहिला. दाखला घेऊन ती गेली नाही. म्हणाली, “साहेब, जामीनदाराचा फॉर्म द्या.”

मला वाटले, नवे कर्ज हवे असेल. तसे नव्हते. गल्लीतली एक बाई, नवऱ्याने टाकलेली, शिलाई मशीन घेऊ पाहत होती. ती ख्रिस्ती नव्हती. तिला कोणी जामीन मिळत नव्हता. गिरणीवालीला जामीनदार म्हणून सही करायची होती. माझ्या साऱ्या नोकरीत कर्ज फिटल्याच्या दिवशी दुसऱ्याची हमी घ्यायला बसलेली ती पहिली आणि शेवटची कर्जदार.

अशी साखळी मी पुढे केडगावच्या इतिहासात वाचली, तेव्हा मला नवल वाटले नाही. पंडिता रमाबाईंनी किशोरवयातच दक्षिणेतल्या दुष्काळात आई-वडील आणि बहीण गमावली होती. उपासमार म्हणजे काय हे त्यांनी अंगावर काढले होते. १८९६-९७ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांतून दौंडजवळच्या केडगावचे ‘मुक्ती’ उभे राहिले. तीन वर्षांत पुन्हा दुष्काळ आला. संवत १९५६चा म्हणून जुनी माणसे ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणत, तो हा. गुजरातेतून, आसपासच्या मुलखातून मुली येत राहिल्या आणि केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्यांना सांभाळले कोणी? पुष्कळसे आधीच्या दुष्काळातून आलेल्या मुलींनीच. तीन वर्षांपूर्वी हाडांचा सापळा होऊन आलेली मुलगी आता नव्या मुलीला न्हाऊ घालीत होती, पेज भरवीत होती. त्या नव्या मुलीला उपदेशाची काय गरज? आपल्यासारखीच एक उठून चालते आहे, हे तिला समोर दिसत होते.

मंडळीचे बळ मला इथे दिसते. सुखवस्तू माणसाने दुःखी माणसाकडे खाली वाकून पाहिले की त्याला दान म्हणतात. तेही चांगलेच. पण कालच बुडता बुडता वाचलेला माणूस आज दुसऱ्याला हात देतो, तेव्हा घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

संध्याकाळचे सात

त्याच वर्षी माझी बदली झाली. सिस्टरबाई २००४ साली गेल्याचे पत्र मला सोलापूरला मिळाले. नाताळच्या कार्डापुरता एरंडोलचा संबंध राहिला. गिरणी वाढली, मुलगा शिकून वीजतंत्री झाला, मंडळी सात घरांची वीस-बावीस घरांची झाली, हे त्या कार्डांवरून कळे.

मग २०२० आले. २५ मार्चपासून देश बंद झाला. १० एप्रिलचा शुभ शुक्रवार आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण सगळ्यांनी घराच्या चार भिंतींत केला. एकत्र जमणे हाच ज्यांच्या भक्तीचा प्राण, त्यांना जमायचीच बंदी. मे-जूनमध्ये जळगाव जिल्ह्यातले मृत्यूचे प्रमाण राज्याच्या सरासरीच्या पुष्कळ वर गेले होते. अंत्यविधीला वीसच माणसे. भीती अशी की, शेजारी शेजाऱ्याच्या दाराकडे पाहीना.

एरंडोलच्या मंडळीने तेव्हा काय केले, ते मला नंतर कळले. एका वहीत घरांची यादी केली. प्रत्येक घराने दोन घरे वाटून घेतली. रोज संध्याकाळी सातला फोन करायचा आणि तीनच गोष्टी विचारायच्या: जेवण झाले का, औषध आहे का, ताप आहे का. प्रवचन द्यायचे नाही. यादीत मंडळीबाहेरची शेजारची घरेही घेतली होती. पिठाच्या गिरण्यांना परवानगी होती. जे घर बंद झाले त्याच्या दाराबाहेर धान्याचा डबा ठेवलेला असे. गिरणीवाली दळून पुन्हा तिथेच ठेवून येई. दळणाचे पैसे ज्याने त्याने जमेल तेव्हा दिले.

एप्रिल २०२१मध्ये दुसऱ्या लाटेत माझा धाकटा भाऊ पुण्यात गेला. मी नाशिकला स्वतः आजारी, एका खोलीत कोंडलेला. त्याचे तोंडही पाहता आले नाही. मोबाइलवर शेकडो निरोप आले. फुलांची चित्रे, श्लोक, सुविचार. लोकांनी मनापासूनच पाठवले होते. पण मी ते बोटाने वर सरकवत राहिलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला एक अनोळखी क्रमांक वाजला.

“साहेब, जेवनात का?”

आवाज मी ओळखला नाही. मग म्हणाली, “गिरणीवाली. एरंडोल.” कोणाकडून तरी तिला कळले होते. मी म्हणालो, भूक नाही. ती म्हणाली, बरं, पेज घ्या, मी थांबते. आणि खरोखरच फोन चालू ठेवून थांबली. मी पेज प्यालो. भावाविषयी तिने चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा फोन. असे अकरा दिवस. पाचव्या दिवशी मी रडलो. साठी ओलांडलेला माणूस, हातात फोन धरून, लहान मुलासारखा. पलीकडून काही वेळ काहीच ऐकू आले नाही. मग तीन शब्द आले.

“मी शे ना!”

घडीचा कागद

२०२२च्या डिसेंबरात, नाताळच्या आठवड्यात, मी एरंडोलला गेलो. हमरस्ता आता रुंद झाला आहे. गिरणीवर वजनाचा विजेचा काटा आहे. तिने भाकरी वाढली. जेवण झाल्यावर आतून सिस्टरबाईंचे जुने बायबल आणले. त्या गेल्यावर ते हिच्याकडे आले होते. ईयोबाच्या पुस्तकापाशी उघडून तिने एक पिवळा पडलेला, घडी घातलेला कागद माझ्यापुढे ठेवला.

छापील मजकूर. रिकाम्या जागी सिस्टरबाईंचे नाव आणि रक्कम. खाली माझी सही.

म्हणजे २००४पासून तिला ठाऊक होते. पैसे कोणी भरले, हे तर तिने काउंटरपाशीच ओळखले असणार. नोटीस कोणी काढली, हे सतरा वर्षे जाणूनच तिने मला रोज सातला फोन केला होता.

मला काय बोलावे कळेना. कादंबरीत अशा जागी मी पात्राच्या तोंडी चांगलेसे वाक्य घातले असते. मी एवढेच म्हणालो, “मला तेव्हा चालत यायला हवं होतं.”

तिने कागदाची घडी पुन्हा होती तशी घातली. “वाचता येतं मला, साहेब,” ती म्हणाली, “पण हप्ता फिटला ना.” आणि मुलाला हाक मारून चहा टाकायला सांगितले.

तो कागद तिने परत त्याच पानात ठेवला. मी मागितला नाही. रविवार होता, बाहेर सतरंजी पडली होती, पेटीचे सूर जुळत होते. कोणीतरी टाळ माझ्या हातात दिला आणि मी आत जाऊन बसलो.